वाक्याआधीचं हसू

माई हसल्या, तेव्हा रंगमंचावर अजून विनोदी असं काहीच घडलं नव्हतं.

घरमालकाचं काम करणारा जाडा नट नुकता कुठे कपाटापाशी पोचला होता. त्यानं हातातली काठी उचलली होती, एवढंच. आता तो काठीनं दार ठोठावून "आत कोण आहे?" असं दरडावून विचारणार होता. आतून भाडेकरूचा आवाज येणार होता, "कुणी नाही!" मग घरमालक "असं होय? बरं, मग सावकाश येतो," म्हणत पाठ फिरवणार होता. त्या ठिकाणी सगळं सभागृह हसायचं. माई त्याच्या आधीच हसल्या, चांगल्या मोठ्यानं, हाताचा पंजा तोंडावर धरून.

"आजींना नाटक पाठ दिसतंय," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

अप्पा पेपरमिंटची गोळी सोलत होते, तिचा कागद त्यांच्या बोटांत तसाच राहिला. ज्या बाईला सकाळी अंघोळ केल्याचं दुपारी आठवत नाही, तिला पुढचं वाक्य आठवलं होतं.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय गं, तुला ठाऊक होतं ना तो काय म्हणणार ते?"

"कोण?"

"तो जाड्या. काठीवाला."

"हो तर," माई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अहो, आपलं घर आलं का?"

लग्न झाल्यापासून माई त्यांना 'अहो' म्हणत आल्या होत्या. हल्ली त्या कंडक्टरलाही अहो म्हणायच्या, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही अहो म्हणायच्या. त्यात गैर काही नव्हतं, सगळेच तसं म्हणतात. पण हाक आली की ती आपल्यासाठी आली की समोर असलेल्या कुणातरी माणसासाठी, हे अप्पांना कळेनासं झालं होतं. त्या दिवशी बसमध्ये मात्र ती हाक आपल्यालाच आहे, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं.

या शहरात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. जुन्या गावी माई एकदा स्वतःच्याच दाराबाहेर कुलपात चिमटा घालून उभ्या राहिलेल्या सापडल्या, तेव्हा मुलानं दोघांना इथे आणलं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यातली रस्त्याकडची खोली यांना दिलेली. पहिल्याच आठवड्यात सुनेनं बजावलं होतं, "अप्पा, खोलीत नुसते बसून राहू नका. अख्खं शहर पडलंय बाहेर. माईंना फिरवून आणा, मजा करा."

अप्पांनी तेही एखाद्या कामासारखं हाती घेतलं. तळ्यात होड्या होत्या. माई काठावरून हलायला तयार होईनात, आणि अप्पा पाण्याचा रंग बघत म्हणाले, "तुझं बरोबर आहे, यात पडायलासुद्धा नको." बागेत रविवारी बँड वाजायचा, पण तुताऱ्या सुरू झाल्या की माई अप्पांच्या कोटात डोकं खुपसायच्या. प्राणिसंग्रहालयात त्यांनी रखवालदाराला थांबवून सांगितलं, "अहो, त्या उंटाला सोडा आता. त्याच्या घरचे वाट बघत असतील." रखवालदार भला माणूस होता. "ड्युटी संपली की सोडतो, आजी," म्हणाला.

मग कुणीतरी त्या छोट्या नाट्यगृहाचं नाव काढलं. जुन्या बस डेपोच्या मागे ते होतं आणि तिथे दर शनिवारी दुपारी एकच नाटक लागायचं. वर्षानुवर्षं तेच. सुरुवातीला नायिका झालेली बाई आता नायिकेच्या आत्याचं काम करत होती. शहरातले लोक स्वतः हसून दमले होते, तरी घरी पाहुणा आला की त्याला तिथे घेऊन जायचे, आणि नाटकापेक्षा पाहुण्याकडेच जास्त बघायचे. पहिली रांग सुट्या खुर्च्यांची होती. तिकीटवालीनं कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या यांना दिल्या, कारण तिथून दार जवळ होतं.

पहिल्याच दिवशी माई हसल्या. ते हसणं अप्पांनी इतके दिवस ऐकलं नव्हतं, की क्षणभर त्यांना वाटलं दुसरंच कुणी हसलं. त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही.

बाकीचे दिवस कठीण होते. एका दुपारी अप्पांचा डोळा लागला आणि माई खाली उतरून गेल्या. संध्याकाळी सुनेला त्या दोन गल्ल्या पलीकडच्या एका इमारतीच्या जिन्यात सापडल्या. अनवाणी होत्या, पाय कापला होता, आणि प्रत्येक दारावर थाप मारून त्या विचारत होत्या, "अहो, आमचं घर हेच का?" त्यानंतर मुलानं शहराबाहेरच्या एका निवासाची चौकशी केली. अशा माणसांना सांभाळायची सोय होती तिथे. अप्पांना त्यानं एकदाच विचारलं होतं, आणि अप्पा त्या दिवशी जेवले नव्हते.

म्हणून माई वाक्याआधी हसल्या त्या रात्री जेवताना अप्पांनी विषय काढला तो जवळजवळ विजयी आवाजात.

"हिला आठवतंय."

"काय आठवतंय?" मुलानं विचारलं.

"नाटक. वाक्याच्या आधी हसली. मागच्या लोकांनीसुद्धा ऐकलं."

मुलानं बायकोकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "अप्पा, आज निवासवाल्यांचा फोन आला होता. जागा होतेय. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय."

"नको म्हणून कळव. माणूस सुधारत असताना तिथे कोण ठेवतं?"

"सुधारतं का हे? डॉक्टर तर..."

"डॉक्टर शनिवारी नाटकाला होता का?"

माई मध्येच म्हणाल्या, "भांडू नका रे. पाहुणे काय म्हणतील." पाहुणे कुणीच नव्हते. मुलगा हसला आणि त्याचे डोळे भरून आले. "पुढच्या शनिवारी मी येतो," तो म्हणाला. "मला बघू दे."

तो आला. आईच्या मागच्याच खुर्चीवर बसला. घरमालकानं काठी उचलली आणि माई हसल्या, ठरल्यासारख्या, वाक्याच्या आधी. मुलानं मागून अप्पांचा खांदा इतका जोरात दाबला की तो दुखला. नाटक सुटल्यावर त्याला कुणाचे आभार मानू असं झालं होतं. बाजूच्या दाराशी जाडा नट गळ्यात टॉवेल टाकून पाव खात उभा होता. मुलानं त्याचा पाव धरलेला हातच हातात घेऊन हलवला. "तुमच्यामुळे माझ्या आईला आठवायला लागलंय," असं म्हणाला आणि आईला घेऊन बसथांब्याकडे गेला.

अप्पा मागे राहिले. त्यांनाही काहीतरी म्हणायचं होतं.

"आठवायला लागलंय म्हणजे?" नटानं विचारलं.

अप्पांनी सांगितलं. नट चावायचा थांबला.

"आजोबा, वाईट वाटून घेऊ नका हां. पण आजी आमच्याकडे बघतच नाहीत."

"म्हणजे?"

"वरून सगळं दिसतं आम्हाला. पहिली रांग तर अगदी ताटातल्यासारखी. इतकी वर्षं घाम गाळतोय, आणि एक बाई सगळा वेळ नवऱ्याचं तोंड बघत बसते! आत्याबाई तर मला म्हणतात, आजोबांचं काम तुझ्यापेक्षा बरं होत असणार." तो हसला आणि मग अप्पांचा चेहरा बघून गडबडला. "तसं नाही, पण मी काठी उचलली की तुम्ही असं करता." त्यानं ओठ मुडपले, भुवया वर नेल्या आणि गाल फुगवले. "आता फुटणार, आता फुटणार असं. ते बघून त्या हसतात. मी एकदा तुमच्याकडे बघूनच वाक्य आधी म्हणणार होतो."

घरी आल्यावर अप्पा मोरीत जाऊन आरशासमोर उभे राहिले. "आत कोण आहे?" हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात येऊ दिलं. आरशातल्या म्हाताऱ्यानं ओठ मुडपले. त्यांनी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

अप्पांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. नळाचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात रसायन घालायचं, रंग येतो का बघायचं. आणि दर वेळी शेजारी आणखी एक बाटली ठेवायची, शुद्ध पाण्याची. तिच्यातही तेच रसायन तितकंच घालायचं. तिला ब्लँक म्हणतात. शुद्ध पाण्यालाही रंग आला तर दोष नळात नाही, रसायनात आहे किंवा आपल्या हातात आहे. घाईच्या दिवसांत बाकीचे ब्लँक ठेवायचं टाळायचे. अप्पांनी ते कधी टाळलं नाही. त्यावरून त्यांना ब्लँकसाहेब म्हणायचे आणि ते ठाऊक असूनही ते कधी रागावले नाहीत. एकदा एका वस्तीचं सगळं पाणी खराब निघालं. वरिष्ठ पुरवठा बंद करायला निघाले होते, तेव्हा यांच्या ब्लँकलाही रंग आला. रसायनाची बाटलीच नासली होती.

आता चाचणी साधी होती. नाटक तेच, माई त्याच, वेळ तीच. फक्त अप्पांचा चेहरा तिथे असायला नको.

ते आठवडाभर त्या विचाराभोवती घुटमळत राहिले. कशाला पाहिजे? पाण्याची गोष्ट वेगळी, ते लोकांना प्यायचं असतं. इथे कुणाचं काय बिघडतंय? मुलगा खुशीत होता. कामावरून येताना आईसाठी फुलांची पिशवी आणायचा, बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवत होता. फक्त सून पहिल्यासारखीच होती. दाराच्या वरच्या कडीला घंटा बांधून, ती अप्पांना आतून लावायला सांगून कामावर जायची. त्या आठवड्यात घंटा दोनदा वाजली. एकदा अप्पा धावले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. माई तोवर दोन पायऱ्या उतरल्या होत्या.

शनिवारी सकाळी ते सुनेला म्हणाले, "आज तू चल. तिच्याजवळ बस. मी मागे बसतो, तिला दिसणार नाही असा."

"का हो अप्पा?"

"एक बघायचंय. आणि तिच्याकडे बघून हसू नकोस."

"मला कसलं हसू येतंय? दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून बघते मी." पण तिनं त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं.

नाट्यगृहात अप्पा चौथ्या रांगेत, एका बाजूला बसले. तिथून माईंची मान आणि डावा गाल दिसत होता. माईंच्या एका बाजूला सून होती. दुसऱ्या बाजूला लाल स्वेटर घातलेली एक ठसठशीत बाई होती. ती एका पाहुणीला घेऊन आली होती आणि पडदा वर जायच्या आधीच तिला कोपरानं ढोसत होती, "थांब तू, थांब, आत्या आली की बघ!"

नाटक सुरू झालं. माई अस्वस्थ होत्या. त्या सुनेकडे वळल्या. सुनेनं नाटक पूर्वी बघितलेलं नव्हतं, आणि ती कामात असल्यासारखी ताठ बसली होती. तिच्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं. माईंनी मागे वळून बघितलं. त्यांची नजर रांगांवरून फिरली. अप्पांनी मान खाली घातली. ती खाली घालायला त्यांना फार जोर लावावा लागला.

पहिल्या विनोदाला माई हसल्या नाहीत. दुसऱ्यालाही नाही. अप्पांना उत्तर मिळालं होतं. आता उठून जावं असं त्यांना वाटलं, पण चाचणी अर्ध्यावर सोडायची त्यांना सवय नव्हती.

घरमालक कपाटापाशी आला. त्यानं काठी उचलली.

माई हसल्या. मोठ्यानं, पंजा तोंडावर धरून, वाक्याच्या आधी.

नाटक सुटल्यावर सून गर्दीतून वाट काढत आली. त्या घरात आल्यापासून अप्पांनी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. "अप्पा, हसल्या! तुम्ही नव्हता तरी हसल्या, तो काही बोलायच्या आधी! तेच बघायचं होतं ना तुम्हाला? माझ्या मनातसुद्धा तीच शंका होती, खरं सांगते. म्हटलं तुमच्याकडे बघून हसत असतील. पण नाही हो!"

"हो," अप्पा म्हणाले. "हसली."

सून माईंची शाल नीट करत होती. तिला दिसलं नव्हतं. ती रंगमंचाकडे बघत होती. अप्पांना दिसलं होतं. कपाटाच्या प्रसंगाआधी माईंची मान उजवीकडे वळली होती, लाल स्वेटरकडे. त्या बाईनं ओठ मुडपले होते, पाहुणीच्या मांडीवर हात ठेवला होता, आता फुटणार असा चेहरा केला होता. माई त्या चेहऱ्याकडे बघत होत्या. अगदी जवळून, मान किंचित कलती करून, जशा अप्पांकडे बघायच्या तशा.

बसमध्ये सून बोलत राहिली. अप्पा रात्रीही काही बोलले नसते तर गोष्ट तिथेच मिटली असती. जेवणं झाली, माई आत झोपायला गेल्या, मुलगा फोन हातात घेऊन म्हणाला, "मग सोमवारी कळवून टाकतो त्यांना, जागा नको म्हणून."

"घे ती जागा," अप्पा म्हणाले.

"का पण?" मुलानं विचारलं.

"तिला आठवत नाही. ती शेजारच्याचं तोंड बघते. ज्याला नाटक पाठ आहे तो आधीच हसायच्या बेतात असतो, ते तिला दिसतं. इतके दिवस तो मी होतो. आज ती स्वेटरवाली होती."

सुनेनं खुर्ची ओढली आणि बसली. मुलानं फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "पण अप्पा, तुमच्याकडे बघून हसते म्हणजे निदान तुम्हाला ओळखते ना?"

"ते यातून सिद्ध होत नाही." अप्पांचा आवाज नोकरीतल्यासारखा झाला होता. तो तसा राहावा म्हणून ते सावकाश बोलत होते. "त्या बाईला ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती."

"तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं."

"मग आता?"

"आता काय! तिथे माणसं असतात ना? नर्सेस असतात, बाकीच्या बायका असतात. एखादी तरी हसरी असेल." त्यांनी ताटलीतला पावाचा कण बोटानं उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून परत ताटलीत ठेवला. "दारं चांगली असतात तिथली. मी इथे झोपलो की मला घंटा ऐकू येत नाही रे. परवा उशीर झाला असता."

सून उठून त्यांच्या मागे आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. खांद्यावर हात ठेवण्याइतकी सलगी त्या दोघांत नव्हती.

सगळं ठरलं. एका रविवारी माईंना निवासात पोचवायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पांनी माईंचा चांगला कोट काढला, त्यांना हात वर करायला सांगितले, बटणं लावली. सून कपड्यांची बॅग भरत होती. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला माईंच्या नावाची पट्टी शिवायची होती, अजून बरंच राहिलं होतं.

"अप्पा, आज जाताय?" ती म्हणाली. "नका दमू. माईंचं काय, आता कुणीही जवळ हसलं तरी त्यांना..." तिनं जीभ चावली.

"हो. कुणीही चालतं," अप्पा म्हणाले. "म्हणूनच जातो. आज मी आहे."

माईंनी विचारलं, "अहो, कुठं जायचंय?"

"नाटकाला."

"कसलं नाटक?"

"विनोदी आहे म्हणतात. आपण अजून बघितलेलं नाही."

"अगं बाई," माई म्हणाल्या आणि केसांवरून हात फिरवला.

नाट्यगृह भरलं होतं. पुष्कळ पाहुणे होते, त्यांना घेऊन आलेले यजमान त्यांच्याकडे बघत होते. कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. अप्पांनी माईंना दाराकडच्या खुर्चीवर बसवलं, त्यांच्या मांडीवर शाल घातली. मग आपली खुर्ची उचलली आणि वळवून, माईंच्या अगदी समोर ठेवली. ते बसले तेव्हा त्यांची पाठ रंगमंचाकडे होती आणि दोघांचे गुडघे एकमेकांना टेकत होते. दिवे मंद झाले. रंगमंचाचा उजेड त्यांच्या खांद्यावरून माईंच्या चेहऱ्यावर पडला.

मागून एक माणूस पुढे वाकला. पाहुणा असावा, तो कुजबुजत म्हणाला, "आजोबा, नाटक तिकडे आहे."

"हो, माहीत आहे," अप्पा म्हणाले.

मागे पडद्याची चाकं कुरकुरली. यथावकाश कपाटाकडे येणाऱ्या घरमालकाच्या काठीचा आवाज आला. माई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, वाट बघत. अप्पांनी ओठ मुडपले.